बोनसचे पंधरा हजार आणि पत्र्याचं घर

प्रश्न : मी महाप्याला एका कारखान्यात कामाला आहे, घणसोलीत तिघांबरोबर भाड्याने राहतो. घर शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या पुढे. घरी आई, बाबा, आजी आणि अकरावीला असलेली बहीण. काही वर्षांपूर्वी घरकुल मिळालं तेव्हा कौलं उतरवून सिमेंटचे पत्रे टाकले. तेव्हापासून मार्च लागला की दुपारी घरात बसवत नाही. गेल्या मे महिन्यात १५६ युनिटचं बिल आलं, थंडीत ते नव्वदच्या आत असतं. घरात दोन पंखे आहेत, आजीच्या खोलीतला तर बंदच होत नाही. भिवंडीहून आणलेला जुना फ्रिज, टीव्ही, दोन जुन्या ट्यूब, अंगणात साठचा पिवळा बल्ब, तो रात्रभर असतो. एकजण ‘वीज वाचवणारा खोका’ म्हणून बाबांना बाराशे रुपयांना काहीतरी देऊन गेला, बिल होतं तेवढंच. आता बाबा कूलर म्हणतात, मित्र सोलर म्हणतो, तेही हप्त्यावर. माझ्याकडे दिवाळीच्या बोनसचे पंधरा हजार शिल्लक आहेत. उन्हाळ्याच्या आधी काय घेऊ? (गॅस आहे, पण आई चुलीवरच करते.)
– एक वाचक, शहापूर

उत्तर :

भाऊ, तुमच्या पत्रात विजेवर बारा-पंधरा ओळी आहेत आणि आईच्या चुलीवर कंसातली एक. मला ती कंसातली ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली. चुलीचं बिल येत नाही म्हणून तिचा हिशेब कोणी ठेवत नाही. पण घरात जळणारं सगळं इंधन मोजायचं ठरवलं तर तुमच्या घरात सर्वांत जास्त ऊर्जा जळते ती त्या चुलीत, आणि सर्वांत जास्त वायाही तिथेच जाते. तिच्यावर सविस्तर लिहिणार आहे. तुम्ही विचारलंत विजेचं, म्हणून तिथून सुरुवात करते.

खोक्याचा विषय आधी संपवू. त्यात एक कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवणारा छोटा भाग, असतो आणि एक छोटा दिवा. कारखान्यांना पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली किती खरोखर कामी येते त्याचं प्रमाण) सुधारायला कपॅसिटर लागतात आणि त्यांच्या बिलात त्याचा फायदा दिसतो, म्हणून विकणाऱ्याचं बोलणं खरं वाटतं. घरगुती मीटर मात्र फक्त प्रत्यक्ष वापरलेले युनिट मोजतं, त्यामुळे घरात या खोक्याने बिलात काहीही फरक पडत नाही. तो काढून ठेवा आणि त्यावरून बाबांना बोलू नका. घरात जीव कासावीस होत असताना दारात कोणी उपाय घेऊन आलं, तर माणूस पैसे काढून देतो.

काहीही विकत घेण्याआधी येत्या शनिवारी घरी गेलात की अर्धा तास मीटरला द्या. सगळी बटणं बंद करा, फ्रिजचा प्लग काढा आणि मीटरवरचा लुकलुकणारा लाल ठिपका दहा मिनिटं बघत उभे राहा. काहीही चालू नसताना तो लुकलुकत राहिला, तर वायरिंगमध्ये कुठेतरी वीज झिरपते आहे किंवा तुमच्या लाईनवर आणखी कोणी आहे. तसं निघालं तर पहिला पैसा वायरमनला द्या, बाकी सगळं नंतर. ओल्या भिंतीतून झिरपणारी वीज बिल वाढवते ते वाढवतेच, पावसाळ्यात ती माणसाचा जीव घेऊ शकते. अर्थिंग आहे की नाही, हेही त्याच वेळी बघून घ्या.  शिवाय बिलावरचं ‘चालू रीडिंग’ मीटरवरच्या आकड्याशी मिळतंजुळतं आहे का ते ताडून बघा. काही महिने सरासरीने बिल येत राहिलं असेल, तर मे महिन्यात ते एकदम वर आल्यासारखं दिसतं. तसं असेल तर महावितरणच्या १९१२ क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवा.

मीटर ठीक असेल, तर तुमचे १५६ युनिट जातात कुठे ते तुम्ही दिलेल्या यादीवरूनच काढता येतं. हजार वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट होतो. जुना सीलिंग पंखा साधारण ७५ वॅट घेतो. आजीचा दिवसाला अठरा तास आणि दुसरा चौदा तास धरला, तर रोजचे २.४ युनिट, महिन्याचे ७२. जुना फ्रिज रोजचं दीड युनिट खात असेल तर ४५. अंगणातला साठचा बल्ब रात्री दहा तास जळतो, त्याचे महिन्याला १८. दोन जुन्या ट्यूब चोकसकट पंचावन्न-पंचावन्न वॅटच्या, पाच तासांचे मिळून सोळा-सतरा. टीव्ही आणि त्याचा बॉक्स मिळून पाचेक. बेरीज तुमच्या बिलाशी जुळते.

यातली खरी मेख दराची आहे. घरगुती वापरात महिन्याच्या पहिल्या १०० युनिटला एक दर असतो आणि १०१ ते ३०० युनिटला त्याच्या जवळजवळ दुप्पट. म्हणजे तुमचे वरचे ५६ युनिट खालच्या शंभर युनिटांइतकेच पैसे घेऊन जातात. तुम्हाला बिल निम्म्यावर आणण्याची चमत्कारी वस्तू नको आहे, तुम्हाला शंभराच्या खाली यायचं आहे. त्यासाठी कर्ज काढावं लागत नाही.

अंगणात नऊ वॅटचा एलईडी लावा. शंभर-सव्वाशे रुपयांत १८ युनिटचे तीनच्या आत येतील. साप-विंचवाच्या भीतीने रात्रभर दिवा ठेवता हे मला कळतं, तो बंद करा असं मी म्हणणार नाही. ट्यूबच्या जागी वीस वॅटच्या एलईडी ट्यूब टाका, दहा युनिट वाचतील. मोठी बचत पंख्यात आहे. बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या ब्रशलेस मोटरचा पंखा, तेवढाच वारा साधारण तीस वॅटमध्ये देतो, म्हणजे दोन्ही पंख्यांचे ७२ युनिट २९ वर येतात. व्होल्टेज उतरलं तरी हा पंखा बराच वेळ सारख्या वेगाने फिरतो. संध्याकाळी सगळ्या पाड्याचे दिवे मंद होतात तेव्हा आजीला याचा उपयोग होईल. पण आत सर्किट असतं आणि गावचा मिस्त्री ते दुरुस्त करू शकत नाही. म्हणून वॉरंटी किती वर्षांची आहे आणि सर्व्हिस सेंटर कल्याणला किंवा ठाण्याला आहे का, हे विचारून पावतीसकटच घ्या. अडीच-तीन हजारांना एक येतो. आधी आजीच्या खोलीत एकच लावा, महिनाभर बघा, पटला तर दुसरा.

फ्रिज बदलायला सांगत नाही, तेवढे पैसे नाहीत. दाराच्या रबरात दहाची नोट धरून दार लावा. नोट सहज ओढली जाऊन बाहेर आली तर रबर गेलंय, ते काही शेकड्यांत बदलून मिळतं. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, मागची जाळी झाडून घ्या, आणि चुलीच्या भिंतीला पाठ लावून उभा असेल तर आजच हलवा.

एवढं झालं की मे महिन्यातही तुमचा हिशेब नव्वदच्या आसपास येतो. अजून मी उकाड्याला हात लावलेला नाही.

तुमचं घर तापतं ते पत्र्यामुळे, आणि पंखा पत्र्याचं काही करू शकत नाही. तापलेल्या पत्र्याखाली साचलेली गरम हवाच तो खाली ढकलतो. कौलारू घरात कौलं एकमेकांवर नुसती टेकलेली असायची. त्यांच्या फटींतून गरम हवा वर निघून जायची, चुलीचा धूरही तिथूनच जायचा. भिंत कारवीच्या काठ्यांच्या कुडाची, शेणामातीने लिंपलेली असली तर ती तापायलाही वेळ लागायचा. पक्कं घर झालं, पावसाची गळती थांबली, साप यायचे कमी झाले, हे सगळं चांगलंच झालं. पण बंद पत्र्याने हवेची ती वाट बुजली आणि दुसरी वाट कोणी काढून दिली नाही. आजीचा पंखा बंद होत नाही याचं कारण हेच, म्हणून तुमच्या पंधरा हजारांतला पहिला मोठा खर्च मी छपरावर करेन.

होळीच्या आसपास पत्र्यावर चुन्याचे दोन हात द्या. कळीचा चुना रात्रभर भिजवून गाळून घ्या आणि धरून राहावा म्हणून त्यात थोडं फेविकॉल घाला. पांढरा पत्रा ऊन परत फेकतो आणि घर दोन-चार अंशांनी तरी उतरतं. मे महिन्याच्या दुपारी तेवढा फरक अंगाला कळतो. पावसाने चुना धुऊन जाईल, जाऊ दे, तोवर उन्हाळा सरलेला असेल. मात्र पहिल्या काही पावसांचं पन्हाळीचं पाणी पिण्यासाठी धरू नका. आणखी दोन गोष्टी आहेत, त्या नीट ऐका. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नका, तो कधी मोडेल ते कळत नाही. खालच्या वाशांवर भार येईल अशी फळी टाकून तिच्यावरूनच चाला. आणि रंगवायच्या आधी पत्रा कोरडा घासू नका. अशा पत्र्यांत बहुतेकदा ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. पाणी मारून ओल्या झाडूने धूळ काढा. चुना कालवताना डोळे जपा.

दुसरं काम आतून. आजीच्या खोलीत पत्र्याखाली फूटभर जागा सोडून बुरुडाकडच्या बांबूच्या तट्ट्यांचं छत बांधा आणि दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत वरच्या बाजूला जाळी बसवा. पत्रा आणि तट्ट्या यांच्यामध्ये गरम होणारी हवा त्या जाळीतून बाहेर पडली पाहिजे. जाळी न ठेवता नुसतं छत बांधलं तर निम्माच फायदा होईल. थर्माकोल किंवा जुनं फ्लेक्स लावायचा मोह होईल, स्वस्त पडतं म्हणून. आग लागली तर दोन्ही वितळून अंगावर पडतात, त्यामुळे नको. चुलीच्या खोलीत तर तट्ट्याही नकोत.

पश्चिमेच्या भिंतीला लागून मांडव घाला. बांबू तुमच्याकडे आहे, डहाळ्या आहेत, हात बाबांचे आहेत. भांडी घासलेलं पाणी मुळाशी सोडून दुधी किंवा घोसाळी चढवलीत तर भाजीही होईल. दिवसा उन्हाच्या बाजूच्या खिडक्या बंद आणि रात्री सगळ्या उघड्या ठेवा. खिडकीला बारीक जाळी लावलीत तर बहिणीलाही खिडकी उघडी ठेवून झोपता येईल.

कूलरला माझा विरोध आहे आणि कारण विजेचं नाही. कूलर पाण्याची वाफ करून गारवा देतो, हवा कोरडी असली तरच. नागपूरकडे तो शोभतो. आपल्याकडे मे अर्ध्यावर आला की हवेत दमटपणा चढतो, मग कूलर खोलीत फक्त चिकचिक वाढवतो. आणि पाणी कुठून आणणार? भातसा, तानसा, मोडकसागर ही धरणं तुमच्याच तालुक्यात, त्यांचं पाणी मुंबई पिते आणि त्याच तालुक्यातले पाडे एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट बघतात. त्या दिवसांत हंडे आई आणि बहीण वाहतात. कूलरची टाकीही त्यांनीच भरायची का? बाबांना हे एवढंच सांगा, त्यांना पटेल.

आता चूल. तीन दगडांच्या किंवा साध्या मातीच्या चुलीत जळणाऱ्या लाकडाची जेमतेम दहा ते पंधरा टक्के उष्णता भांड्याला लागते. बाकीची बाजूने निघून जाते, त्यातली थोडी आईच्या अंगाला आणि धूर तिच्या छातीत. स्वयंपाकाच्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात ३२ लाख माणसं गेली, असं जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज सांगतो. पूर्वी हा धूर कौलांतून निघून जायचा हे वर सांगितलंच. आता पत्र्याखाली तो आईच्या डोक्यावर साठतो. सकाळी उठल्यावर तिला खोकल्याची ढास लागते का, डोळ्यांतून पाणी येतं का, हे तुम्ही तिला कधी विचारलं आहे का? पत्रात काही नाही म्हणून विचारते.

गॅस असून आई चूल पेटवते ते हट्टाने नाही. सिलिंडरला एकरकमी पैसे मोजावे लागतात आणि लाकडाला मोजावे लागत नाहीत, असा तिचा हिशेब आहे. लाकूड फुकट वाटतं कारण ते आणण्यात जाणारे तिचे तास कोणी मोजत नाही. त्यात आपल्या भागात उन्हाळ्यात राब भाजायला, म्हणजे भाताची रोपं टाकायची जमीन भाजून घ्यायला, फांद्या, पालापाचोळा आणि शेण लागतं, म्हणजे सरपणाच्या वाट्याचं शेतात जळतं, आणि तिला मोळीसाठी आणखी लांब जावं लागतं. तुम्ही ‘आता गॅसवरच कर’ म्हणून फोनवरून सांगितलंत तर ती ‘हो’ म्हणेल आणि चूल पेटवेल. त्यापेक्षा दर महिन्याला सिलिंडरचे पैसे तुम्ही वेगळे पाठवा, घरखर्चात मिसळू नका. एकदम जड जात असेल तर उज्ज्वलाच्या जोडणीवर पाच किलोचा छोटा सिलिंडरही मिळतो, एजन्सीत विचारा. पहिल्या वर्षी निदान पावसाळ्याचे चार महिने आणि रोजचा सकाळचा चहा-नाश्ता गॅसवर होऊ दे.

गॅस पुरवून वापरण्याच्या युक्त्या आईला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतील, तरी दोन सांगते. घरात चांगला कुकर नसेल तर या पैशांतून पाच लिटरचा घ्या. डाळ आणि कडधान्यं भिजवून कुकरला लावली की उघड्या पातेल्याच्या मानाने निम्म्याच्या आसपास इंधनात होतात. आणि भाताला एक कढ येऊन पाणी आटत आलं की पातेलं उतरवून झाकणासकट गोधडीत गुंडाळून टोपलीत ठेवायचं, उरलेला भात स्वतःच्या वाफेवर शिजतो. पुष्कळ घरांत आज्या हे करायच्या, तुमच्या आजीला विचारा. बर्नरची ज्योत पिवळी दिसली तर भोकं बुजली आहेत, सुईने मोकळी करा.

भाकरी मात्र चुलीवरचीच हवी, हे मला मान्य आहे. मग चूल सुधारू. बाजूला वैल, म्हणजे दुसरं तोंड, असलेली चूल घाला, म्हणजे एकाच जाळावर भाकरी आणि पलीकडे आमटी किंवा पाणी होतं. लाकडाखाली लोखंडी जाळी ठेवा, खालून हवा मिळाली की जाळ स्वच्छ होतो. भांडं आणि चुलीचं तोंड यांत बोटाएवढीच फट राहू दे. आणि धुराला धुरांडं काढून द्या. पत्र्याला भोक पाडू नका, पाइप भिंतीतून बाहेर काढून पत्र्याच्या वर न्या. गवंड्याचं एका दिवसाचं काम आहे.

लाकूड वाळलेलं असेल तर हे सगळं उपयोगी. ओलं लाकूड आधी स्वतःतलं पाणी आटवण्यात जळतं आणि नुसता धूर देतं. मृगाच्या आधी सरपण फोडून, उभं-आडवं रचून, वर आडोसा करून ठेवलं पाहिजे. या आडोशाला हजार-दोन हजार लागले तर खुशाल घाला. आणि बरंच लाकूड अंघोळीच्या पाण्याला जातं, हे विसरू नका. वीस लिटर पाणी वीस अंशांनी तापवायला हीटरच्या रॉडला जवळजवळ अर्धा युनिट लागतो, म्हणजे रोज एक बादली केली तरी महिन्याचे चौदा युनिट. म्हणून लाकूड वाचवायला रॉड आणू नका. दिवाळीपासून मेपर्यंत ऊन आहे. काळ्या रंगाचा झाकणाचा डबा किंवा कॅन सकाळी दहाला अंगणात ठेवला की संध्याकाळच्या अंघोळीपुरतं पाणी ऊनच तापवून देतं. बाबा शेतावरून येऊन संध्याकाळी अंघोळ करत असतील तर त्यांच्यापासून सुरुवात करा.

पैशांचं म्हणाल तर दोन पंखे आणि दिवे मिळून साडेसहा हजारांच्या आसपास, चुना, तट्ट्या आणि जाळ्यांना तीन-चार हजार, चूल, धुरांडं, कुकर आणि सरपणाच्या आडोशाला उरलेले. तंगी झाली तर दुसरा पंखा पुढच्या वर्षावर ढकला, चुलीचं ढकलू नका.

सोलरबद्दल मित्र चुकीचं सांगत नाही, पण घाई करतो आहे. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला केंद्राचं ३० हजार रुपये अनुदान आहे. ते संच बसवून झाल्यावर खात्यात येतं, आधीचे पैसे तुम्हालाच उभे करावे लागतात. ज्या घराचा वापर शंभराच्या आत आणि दर कमी, त्या घरात संचाची किंमत वसूल व्हायला वेळ लागतो, त्यावर हप्त्याचं व्याज चढलं तर आणखीच. सिमेंटच्या पत्र्यावर पॅनेलचा सांगाडा थेट बसवता येत नाही, त्याला खालून स्वतंत्र लोखंडी आधार लागतो. तो खर्च मित्राने सांगितला आहे का, विचारा. आणि बॅटरी नसलेला संच महावितरणची लाईन गेली की बंद पडतो, भर उन्हातसुद्धा. पावसाळ्यात तुमच्याकडे दिवसदिवस लाईट नसते. बहिणीच्या अभ्यासासाठी सोलर हवं असेल तर तिला बॅटरीचा छोटा सौर दिवा किंवा चार्ज होणारा एलईडी बल्ब आणून द्या, पाचशे-सातशे रुपयांत तिचं काम होईल. छताच्या सोलरचा विचार मेचं आणि जूनचं बिल हातात आल्यावर करा. तोवर कुठल्याही एजंटला आधार कार्डाची झेरॉक्स किंवा सही देऊ नका, आणि बाबांनाही तसं सांगून ठेवा.